पूर्णा : दासीचे नाव, थेरीचे नाव

नावात काय आहे, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी तो मराठवाड्यात येऊन विचारावा. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि गावोगावच्या दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांना जीव गमवावा लागला. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी, म्हणजे तब्बल साडेपंधरा वर्षांनी. एका नावासाठी एवढी किंमत मोजलेल्या समाजाला नावाचे मोल कोणी शिकवण्याची गरज नाही.

मात्र विद्यापीठाच्या नावासाठी लाठ्या खाणारा आपला समाज स्वतःच्या लेकींच्या नावाकडे तेवढ्याच डोळसपणे पाहतो काय? १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या घरांत गौतमी, यशोधरा, महामाया, विशाखा, सुजाता, संघमित्रा ही नावे आली. ज्या पिढीच्या आज्यांना दगडी, धोंडी, कचरी अशा नावांनी हाक मारली जात होती, त्या पिढीने आपल्या मुलींना इतिहासातली नावे दिली. ती केवळ हौस नव्हती, ती क्रांती होती. आज मात्र मालिकेत ऐकलेले किंवा मोबाइलवर सापडलेले, अर्थ कोणालाही सांगता न येणारे नाव पाळण्यावर लिहिले जाते. म्हणूनच आज एका नावाची कुळकथा सांगायची आहे. ते नाव आपल्या परभणी जिल्ह्यात रोज हजारो लोकांच्या तोंडी असते. ते नाव म्हणजे पूर्णा.

पूर्णा म्हटले की आपल्याला आठवते ते रेल्वे जंक्शन. एक रूळ परभणीमार्गे मनमाडकडे, एक नांदेडमार्गे सिकंदराबादकडे आणि एक वसमत, हिंगोली, वाशिममार्गे अकोल्याकडे. गावाला नाव मिळाले ते नदीचे. ही नदी अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावते, येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांत अडवली जाते आणि पूर्णा तालुक्यात गोदावरीला मिळते. याच नावाची दुसरी नदी विदर्भात अमरावती, अकोला, बुलढाण्यातून वाहत तापीला मिळते, तर तिसरी गुजरातेत नवसारीजवळून समुद्राला जाते. मुलीचे नाव पूर्णा का ठेवले, असे विचारले तर बहुतेक जण नदीचे नाव सांगतील, काही जण अन्नपूर्णा देवीकडे बोट दाखवतील. आपल्या सर्वांत जुन्या स्त्रीसाहित्यात पूर्णा हे एका पाणक्या दासीचे नाव आहे आणि तिने नदीकाठी एका ब्राह्मणाला निरुत्तर केले होते, हे सांगणारे फार थोडे भेटतील.

आधी मनूचे काय म्हणणे आहे ते पाहू. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे निंदाव्यंजक असावे, असा नियम आहे. म्हणजे मूल जन्मले की बाराव्या दिवशी त्याच्या कपाळावर त्याची पायरी गोंदायची. तिसऱ्या अध्यायात आणखी एक नियम आहे. नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत, पक्षी, सर्प, अंत्यज किंवा दासी यांचे नाव असलेल्या मुलीशी लग्न करू नये, असे तेथे सांगितले आहे. आता पूर्णा हे नाव या कसोटीला लावून पाहा. ते नदीचे नाव आहे आणि जुन्या ग्रंथांत दासीचेही नाव आहे. मनूच्या हिशेबाने ही मुलगी दोनदा नापास. गंगा, गोदावरी, कृष्णा, नर्मदा ही नावे ठेवणाऱ्या सवर्णांनी स्वतःच्या घरात हा नियम कधी पाळला नाही, हा भाग वेगळा. शूद्राच्या नावाचा नियम मात्र गावगाड्याने इमानेइतबारे पाळून घेतला. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली, तेव्हा कागदाबरोबर नामकरणाचा हा कायदाही जळाला, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

आता पाली वाङ्मयाकडे वळू. संस्कृतातला पूर्ण हा शब्द पालीत पुण्ण होतो आणि पूर्णाची होते पुण्णा. येथे एक घोळ टाळला पाहिजे. पालीत पुण्याला पुञ्ञ म्हणतात, तो शब्द वेगळा. पुण्णा म्हणजे पुण्यवती नव्हे, पुण्णा म्हणजे भरलेली. आपल्या खेड्यातली म्हातारी पौर्णिमेला पुनव म्हणते, ती संस्कृत बिघडवून बोलत नाही. तिच्या तोंडी प्राकृताचा जुना आवाज जिवंत आहे.

थेरीगाथा हा भिक्खुणींच्या उद्गारांचा संग्रह. त्यात पुण्णा नावाच्या दोन थेरी आहेत. त्यांपैकी एक, जिला पुण्णिका असेही म्हणतात, ती सावत्थीच्या अनाथपिंडिक श्रेष्ठीच्या घरातील दासीची मुलगी. तिचे नाव पुण्णा का पडले याचे कारण अट्ठकथेच्या परंपरेत सांगितले आहे आणि ते अंगावर काटा आणणारे आहे. तिच्या जन्माने त्या घरातील मुलांची संख्या शंभर भरली, म्हणून ती पुण्णा. आईबापांनी चंद्राकडे पाहून ठेवलेले हे नाव नाही. गोठ्यातली जनावरे मोजावीत तशी मोजदाद झाली आणि बेरीज जुळल्याची खूण म्हणून ते नाव पडले. ज्या अनाथपिंडिकाने जेतवन विहार दान दिला, त्याच्याही घरात दासदासी होत्या, हे सत्य आपण लपवण्याचे कारण नाही. दासप्रथा त्या काळाच्या हाडीमाशी किती खिळली होती, हे त्यावरून कळते.

या पुण्णेचे काम पाणी भरण्याचे. थेरीगाथेतील सोळा गाथांत तिचा आणि एका ब्राह्मणाचा संवाद आहे. कडाक्याच्या थंडीत तिला नदीत उतरावे लागे, कारण उशीर झाला तर मालकिणींची शिवीगाळ आणि मार ठरलेला. त्याच थंडीत एक ब्राह्मण कुडकुडत पाण्यात डुबक्या मारताना तिला दिसतो. मी मालकिणीच्या भीतीने पाण्यात उतरते, तू कोणाच्या भीतीने उतरतोस, असा तिचा सवाल आहे. पाप धुण्यासाठी, असे तो उत्तर देतो. त्यावर ही निरक्षर दासी जे तर्कशास्त्र मांडते त्याला तोड नाही. स्नानाने मुक्ती मिळत असेल तर बेडूक, कासवे, पाणसाप आणि सुसरी सगळ्यांच्या आधी स्वर्गात गेल्या पाहिजेत. खाटीक, चोर, मारेकरी यांनीही एक डुबकी मारली की ते सुटले पाहिजेत. आणि नदी पाप वाहून नेत असेल तर ती पुण्यही वाहून नेईल, मग तुझ्याजवळ उरले काय? ज्या कृत्याची भीती वाटते ते कृत्यच करू नकोस, थंडीत कातडी कशाला गारठवतोस, असे ती त्याला सांगते.

ब्राह्मण निरुत्तर होतो. तो तिला आपले वस्त्र देऊ करतो, ती ते नाकारते. दुःख नको असेल तर बुद्ध, धम्म आणि संघाला शरण जा, एवढेच ती सांगते. तो शरण जातो आणि शेवटी म्हणतो की आजवर आपण जन्माने ब्राह्मण होतो, खऱ्या अर्थाने आज झालो. पुढे अनाथपिंडिकाने तिला दास्यातून मुक्त केले, ती संघात गेली आणि अर्हत झाली, अशी परंपरा आहे.

हा संवाद पूर्णा आणि गोदावरीच्या संगमावर राहणाऱ्यांनी वाचला पाहिजे. याच गोदावरीच्या वरच्या अंगाला नाशिक-त्र्यंबकेश्वरी दर बारा वर्षांनी पापक्षालनासाठी लाखोंची गर्दी लोटते आणि सरकार त्यासाठी तिजोरी उघडते. त्याच नाशकात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि माणसाला माणूस म्हणून आत घेण्यास पाच वर्षे नकार मिळाला. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी उचलले ते पवित्र होण्यासाठी नव्हे, तर माणूस म्हणून हक्क बजावण्यासाठी. पाणी म्हणजे पाणी, त्यात ना पाप धुतले जाते ना ते कोणाच्या स्पर्शाने बाटते. ही गोष्ट पहिल्यांदा खणखणीतपणे सांगणाऱ्यांत डोक्यावर घागर असलेली एक दासी होती. विज्ञानवादाचा वारसा शोधण्यासाठी आपल्याला युरोपात जावे लागत नाही.

दुसऱ्या पुण्णा थेरीची गाथा एकच, पण नावाच्या दृष्टीने ती अतिशय मोलाची. तथागत तिला तिच्याच नावाने हाक मारतात आणि सांगतात की पंधराव्या रात्रीचा चंद्र जसा भरतो तशी तू धम्माने भरून जा, परिपूर्ण प्रज्ञेने अंधाराचा थर फोड. बुद्धाने येथे नाव बदलले नाही, त्याने नावाचा अर्थ बदलला. श्रेष्ठीच्या घरात पुण्णा म्हणजे शंभरावा आकडा. संघात पुण्णा म्हणजे प्रज्ञेने भरलेले माणूस. तीच अक्षरे, तोच उच्चार, पण एक नाव मालकाच्या हिशेबवहीतले आणि दुसरे स्वतःच्या कर्तृत्वाचे.

तिसरी पुण्णा आपल्याला ठाऊक असूनही आपण विसरलो. उरुवेलेच्या सुजाताने सिद्धार्थाला खीर दिली, हे आपल्या लहान मुलांनाही पाठ असते. त्या झाडाखालची जागा झाडून ठेवण्यासाठी सुजाताने जिला पाठवले आणि जिने सिद्धार्थाला तेथे बसलेले प्रथम पाहिले, त्या दासीचे नाव पुण्णा. बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातही तिचे नाव आले आहे. ती धावत बातमी घेऊन आली तेव्हा, आजपासून तू माझी थोरली लेक, असे सुजाताने तिला म्हटल्याचे जातककथेच्या निदानात सांगितले आहे. आपल्या घराघरांत सुजाता आल्या. पूर्णा मात्र आल्या नाहीत. मालकिणीचे नाव आपण उचलले आणि दासीचे नाव झाडाखालीच राहिले.

हे नाव पुरुषालाही होते. नालासोपारा म्हणजे जुने शूर्पारक. तेथील एका व्यापाऱ्याला दासीपासून झालेला मुलगा पूर्ण, असे दिव्यावदान सांगते. दासीपुत्र म्हणून भावांनी त्याला घरात वाटा नाकारला. पुढे तो भिक्खू झाला. अपरान्तातील लोक शिव्या देतील, मारतील, प्रसंगी जीव घेतील, तरीही आपण तेथे धम्म सांगायला जाऊ, असे त्याने तथागतांना निर्भयपणे सांगितले. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला. याच पूर्णाची कथा अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात रंगवलेली आहे. पूर्णा नदी ज्या डोंगररांगेतून निघते त्याच रांगेतील ही लेणी. ज्या महाराष्ट्राच्या भिंतींवर दासीपुत्राची कथा रंगवली गेली, त्या महाराष्ट्रात हे नाव केवळ रेल्वेच्या पाटीवर उरावे, याला काय म्हणावे?

देशाच्या इतर भाषांत या शब्दाचा गोतावळा फार मोठा आहे. हिंदी, पंजाबी, गुजरातीत पूनम, बंगाली, असमिया आणि नेपाळीत पूर्णिमा, मल्याळममध्ये पौर्णमी, तमिळमध्ये पूरणी, तेलुगूत पूर्णा. श्रीलंकेच्या सिंहली भाषेत भरलेल्या चंद्राला पुन् हेच विशेषण लागते, आपल्या पुनवेची सख्खी बहीण. अर्थाने याच घरातले एक नाव कंबोडियात आहे. ख्मेर भाषेत पेन्ह म्हणजे भरलेले, पूर्ण. चौदाव्या शतकात पेन्ह नावाच्या एका वृद्धेला नदीत वाहत आलेल्या झाडाच्या खोडात बुद्धमूर्ती सापडल्या आणि तिने टेकडी उभारून विहार बांधला, अशी तेथील दंतकथा आहे. त्या टेकडीवरून राजधानीचे नाव पडले नोम पेन्ह, म्हणजे पेन्हची टेकडी. थाई भाषेनेही हा शब्द घेतला आणि तेथे तो पौर्णिमेचा शब्द आणि बायकांचे नाव झाला. एका साध्या म्हातारीच्या नावाने राजधानी ओळखली जाते, ही बौद्ध जगाची रीत.

याच अर्थाची दुसरी, काळी बाजूही आहे. पूर्ण झाले म्हणजे पुरे झाले. मुलीवर मुली झाल्या की हरियाणात भतेरी म्हणजे पुरे झाले असे नाव ठेवतात, तमिळनाडूत वेण्डाम म्हणजे नको, आणि आपल्याकडे नकोशी. २०११ साली सातारा जिल्ह्यात २८५ नकोशींना समारंभपूर्वक नवी नावे द्यावी लागली. फुल्यांच्या महाराष्ट्रात, एकविसाव्या शतकात, ही वेळ आली. शंभर दासमुलांची मोजदाद करणारा श्रेष्ठी आणि चौथी मुलगी मोजून तिला नकोशी म्हणणारा बाप, दोघांच्या लेखी मूल म्हणजे आकडाच.

शंभराचा विषय निघालाच आहे तर आपल्या जिल्ह्याचा आकडा पाहू. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार परभणी जिल्ह्यात २० ते २४ वयोगटातील दर शंभर स्त्रियांपैकी ४८ जणींचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी झाले होते. महाराष्ट्राचे प्रमाण सुमारे २२. हा आकडा सर्व जातिधर्मांचा मिळून आहे, पण म्हणून आपली वस्ती त्यातून सुटली असे मानून बसणे ही आत्मवंचना ठरेल. ऊसतोडीला जाताना मुलीला कोणाकडे ठेवायचे ही आईबापांची चिंता खरी आहे. गावात उच्च माध्यमिक शाळा नाही, एस.टी. वेळेवर नाही, हेही खरे आहे. पण मुलीचे नाव यशोधरा ठेवायचे आणि सोळाव्या वर्षी तिला बोहल्यावर चढवायचे, याला धम्म म्हणत नाहीत. ते नाव म्हणजे मग मनूच्या घरावर लावलेली निळी पाटी.

मुलीला शाळा मिळाली तर काय होते, याचे उदाहरण आपल्याच रेल्वेमार्गावर आहे. पूर्णा जंक्शनवरून सिकंदराबादच्या गाडीत बसले की नांदेड, बासर ओलांडून निजामाबाद येते. त्या जिल्ह्यातील पाकाला या खेड्यातील लंबाडा समाजाची मुलगी मालावत पूर्णा २५ मे २०१४ रोजी एव्हरेस्टच्या शिखरावर पोहोचली, तेव्हा तिचे वय १३ वर्षे ११ महिने होते. एव्हरेस्ट सर करणारी ती जगातील सर्वांत लहान मुलगी ठरली. हा समाज तेलंगणात अनुसूचित जमातींत आहे, आपल्याकडे तो बंजारा म्हणून विमुक्त जातींत मोडतो. शेतात राबणाऱ्या आईबापांची ही लेक समाजकल्याण खात्याच्या निवासी शाळेत शिकत होती. त्या शाळांचे त्या वेळचे सचिव आर. एस. प्रवीणकुमार हे स्वतः दलित समाजातून आलेले पोलीस अधिकारी. तिच्या सोबत शिखर गाठणारा आनंदकुमार हाही खम्मम जिल्ह्यातील दलित मुलगा. ज्या वयात आपल्या जिल्ह्यात मुलीसाठी स्थळ पाहण्याची कुजबुज सुरू होते, त्या वयात एक पूर्णा जगाच्या माथ्यावर उभी राहिली. फरक नावाचा नव्हता. फरक होता तो निवासी शाळा, पोटभर जेवण आणि विश्वास टाकणाऱ्या शिक्षकांचा.

म्हणून आंबेडकरी समाजाने आता तीन गोष्टी कराव्यात. पहिली, वर्षावासात विहारांतून ग्रंथवाचन होते, त्यात थेरीगाथेतील पुण्णेचा संवाद मुलींकडून वाचून घ्यावा. बेडूक आणि सुसरींचा तो तर्क दहा वर्षांच्या पोरीलाही कळतो आणि एकदा कळला की ती आयुष्यभर बुवाबाजीला भीक घालत नाही. दुसरी, बौद्धाचार्यांनी मंगलविधीला उभे राहण्यापूर्वी वधूचा शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला डोळ्यांनी पाहावा. वय कमी असेल तर पंचशील म्हणण्यास स्पष्ट नकार द्यावा. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानुसार असा विवाह लावणाराही गुन्हेगार ठरतो आणि १०९८ या क्रमांकावर कोणालाही कळवता येते. तिसरी, तालुक्याच्या ठिकाणी मुलींच्या वसतिगृहांच्या जागा वाढवण्यासाठी आपल्या संघटनांनी आंदोलन उभारावे. जयंतीच्या मिरवणुकीत डी. जे. वर जो पैसा उडतो, त्यातला थोडा जरी मुलींच्या बस पासवर खर्च झाला तरी अनेकींची अकरावी-बारावी वाचेल.

२० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजण्याची कसोटी दिली आणि मुलांच्या लग्नाची घाई करू नका असेही बजावले. त्या कसोटीवर परभणी जिल्हा आज कुठे आहे, ते वरचा आकडा सांगतो. लेकीचे नाव पूर्णा ठेवा, पौर्णिमा ठेवा, नाहीतर आणखी काही ठेवा. फक्त ते नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर, पदवीच्या प्रमाणपत्रावर आणि नोकरीच्या नेमणूकपत्रावर छापले जाईल याची व्यवस्था करा, आणि लग्नपत्रिकेवर येण्याची घाई त्याला करू देऊ नका. शंभरातल्या त्या ४८ जणींचा आकडा शून्यावर आणणे, हेच पाणी भरणाऱ्या त्या थेरीला आपले अभिवादन ठरेल. जयभीम!